तो काळा रंग नेमका कशाचा?

प्राचीन मातीच्या भांड्यांविषयी मी स्लाइड दाखवून व्याख्याने देते. अथेन्सचे काळ्या-तांबड्या चित्रांचे एखादे भांडे पडद्यावर आले, की शेवटी कोणीतरी विचारतेच, "तो काळा रंग कशाचा? काजळीचा, की एखादा दगड कुटून केलेला?" सभागृह रिकामे करण्याची घाई असल्यामुळे "तो रंग नाहीच, तीसुद्धा मातीच आहे" एवढेच मी सांगते, आणि आपल्याला टोलवले असे विचारणाऱ्याला वाटते. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

अथेन्सभोवतालच्या अ‍ॅटिका प्रदेशातील मातीत लोह भरपूर असल्यामुळे ती भाजल्यावर आपल्या कौलांसारखी तांबडी होते. तेथील कुंभार तीच माती पुष्कळ पाण्यात कालवून ठेवीत; जाड कण तळाशी बसत, अगदी बारीक कण पाण्यातच तरंगत राहत, आणि वरचे तेवढे पाणी काढून आटवले की गुळगुळीत, दाट लेप तयार होई. अर्धवट सुकलेल्या कच्च्या भांड्यावर चितारी या लेपाने आकृती काढीत. लेप आणि भांडे यांच्या रंगांत त्या वेळी जेमतेमच फरक असल्यामुळे पुढे काय काळे दिसणार आहे, हे चिताऱ्याला मनात धरूनच काम करावे लागे.

खरे रंगकाम भट्टीत होई. सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत हवा खेळती ठेवली जाई आणि सगळे भांडे तांबडे होई. मग हवेची तोंडे बंद करून ओले लाकूड घातले जाई; साधारण ९५० अंशांपर्यंत चढलेल्या त्या कोंडलेल्या धुरात मातीतील लोहाकडचा प्राणवायू ओढला जाऊन भांडे नखशिखांत काळे पडे. याच उष्णतेत लेपातील बारीक कण एकमेकांत वितळून काचेसारखा थर धरीत. शेवटी उष्णता थोडी उतरल्यावर हवा पुन्हा आत सोडली, की सच्छिद्र अंग ती शोषून परत तांबडे होई, मात्र लेपाच्या घट्ट थरात हवा शिरू न शकल्यामुळे तो काळाच राही. एकच माती, एकच भट्टी आणि दोन रंग! ही रीत पुढे इतकी विस्मरणात गेली होती, की जर्मन रसायनतज्ज्ञ थिओडोर शुमान यांनी १९४२ मध्ये तिचा उलगडा केला, तेव्हा कोठे निराळे रंगद्रव्य शोधण्याची गरज संपली.

घराच्या मागच्या अंगणातील लहान भट्टीत हा प्रयोग मीही एकदा करून पाहिला आणि सगळ्या वाट्या काळपट तपकिरी निघाल्या. मदतीला आलेल्या कुंभारकाकांनी एक वाटी हातात फिरवून सांगितले, "धूर कोंडलात ते बरोबर, ताई, सोडायची वेळ चुकली." अथेन्सच्या कुंभारांचीही ती चुकत असे. संग्रहालयांतील काही भांड्यांवर काळ्याच्या जागी तांबूस डाग दिसतात ते त्यामुळेच, आणि मला नितळ भांड्यांपेक्षा तीच अधिक पाहाविशी वाटतात.

चित्रांचे कौतुक अर्थातच कमी नाही. व्हॅटिकनच्या संग्रहात इ. स. पू. ५४०-५३० च्या सुमाराचा एक कुंभ आहे. त्यावर अकिलीस आणि एजॅक्स हे ग्रीक पुराणकथांतील दोन योद्धे फासे टाकत बसले आहेत, आणि एकाच्या तोंडाशी 'चार', दुसऱ्याच्या तोंडाशी 'तीन' असे ग्रीक शब्द लिहिलेले आहेत. अंगरख्यांवरची केसासारखी नक्षी ब्रशने काढलेली नसून काळा होणारा लेप टोकदार हत्याराने कोरून काढलेली आहे. कुंभाच्या काठावर 'एक्सेकिआसने मला रंगवले आणि घडवले' अशी सही आहे. पुढच्या एका पिढीतच अथेन्समध्ये सारे उलटे झाले; पार्श्वभूमी काळी करून आकृत्या मातीच्या मूळ तांबड्या रंगात सोडल्या जाऊ लागल्या आणि आतल्या रेषा कोरण्याऐवजी कुंचल्याने काढता येऊ लागल्या.

असाच बारीक लेप लावून भट्टीची तोंडे मात्र बंद केली नाहीत, तर लखलखीत तांबडे भांडे मिळते. रोमन काळात इटलीतील अरेझोचे कुंभार तेच करीत. त्यांच्या भांड्यांची खापरे पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूला मिळाली आणि ती केव्हाची हे ठाऊक असल्यामुळे त्यांच्याच आधारे १९४५ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी तेथील उत्खननातल्या थरांचा काळ ठरवला.

आता तुमच्या अंदाजांविषयी, कारण अथेन्सला लागू पडले नाहीत तरी ते चुकीचे नाहीत. मोहेंजोदडोच्या तांबड्या भांड्यांवरील काळी नक्षी खरोखरच मँगनीज असलेला लोहाचा दगड कुटून केलेल्या रंगाची आहे. नाकाडा येथील, सुमारे पावणेसहा हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन भांड्यांचे काळे काठ म्हणजे धुरातला कोळसा मातीत मुरल्याचा परिणाम आहे. काजळी आपल्याकडेही आहेच: विदर्भात नागपूरजवळच्या माहुरझरीच्या शिळावर्तुळांत, म्हणजे भोवती मोठ्या दगडांचे कडे रचलेल्या प्राचीन दफनांत, सापडणारे वाडगे बाहेरून तांबडे आणि आतून काळेभोर असतात, कारण ते उपडे घालून भाजलेले असत आणि आत कोंडलेल्या धुराला बाहेर पडायला वाटच नसे.