ट्रिगरचे स्क्रू, मामाचा गाळा आणि लाल नेलपॉलिश

जुलैत कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की केसमधे सिलिका जेलच्या कितीही पुड्या टाका, माझ्या एअर रायफलीला दमट वास येतोच. म्हणून एका रविवारी विचार केला की स्टॉक, म्हणजे रायफलीचा दस्ता, काढू, ट्रिगर युनिट बाहेर घेऊ, पुसू आणि परत लावू, तासाभराचं काम. पुसायला तासभर पुरला खरा, पण परत लावल्यावर जे झालं ते निस्तरायला पुढचे तीन आठवडे गेले.

आधी हे सांगतो की माझी रायफल 10 मीटरची आहे, 4.5 मिलिमीटर पेलेटची, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा उडवणारी. स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमधे ब्राँझ घेतलं ते 50 मीटर थ्री पोझिशनमधे, पॉइंट टू टू म्हणजे बारुदाच्या गोळीच्या रायफलीने, पण आमच्या जिल्ह्यातला पोरगा म्हटल्यावर आता सगळे पाहुणे मला "तू पण तेच करतोस ना" असं विचारतात आणि मी पण हो म्हणून मोकळा होतो. तर आमच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, आणि डेसिमल स्कोअरिंगमधे 10.9 चा 10.8 व्हायला पाव मिलिमीटर पुरतो. ट्रिगर पण एकदम हलका असतो, एअर पिस्तुलाला निदान 500 ग्रॅम वजन उचलावं लागतं तसा किमान वजनाचा नियम एअर रायफलला नाही, त्यामुळे बरेच जण शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून खाली ठेवतात. एवढ्या हलक्या ट्रिगरचं युनिट बसलेलं असतं एकदोन बारक्या स्क्रूंवर, आणि ते जरा हलले तरी बोटाला लगेच कळतं.

मला पण कळलं, फक्त उशिरा. ट्रिगर आधी सैल जातो ती पहिली स्टेज, मग सुटायच्या आधी बोटाला अडतो ती सेकंड स्टेजची भिंत. सोमवारी सकाळी ती भिंत लागेना, म्हणजे लागायची पण मऊ, भाकरी नीट भाजली नसली की लागते तशी. मला वाटलं बोट चुकतंय. बुधवारी ब्लेड, म्हणजे ट्रिगरची बोट लागणारी पट्टी, बोटाने डावीउजवीकडे हलवून बघितलं तर अख्खं युनिटच डुलत होतं. कारण माझंच, आटे जातील या भीतीने स्क्रू कमी आवळले होते, वर गंज नको म्हणून आट्यांना तेल पण लावलं होतं.

मग मी दुसरी चूक केली, ती पहिलीपेक्षा मोठी. वैतागून एलन की घेतली आणि दिसेल तो स्क्रू पिळला. युनिट घट्ट बसलं, पण ड्राय मोडला, म्हणजे पेलेटशिवाय नुसत्या ट्रिगरच्या सरावाला, लिव्हर बंद करतोय तर ट्रिगर धरेचना, बोट लावायच्या आधीच टिक. पेलेट नव्हता, हवेचा सिलिंडर काढून ठेवलेला होता, म्हणून नुसता घाम फुटण्यावर निभावलं.

मामाचा उद्यमनगरात गाळा आहे, लेथ आणि दोन मिलिंग मशीन. युनिट घेऊन तिथं गेलो. चष्मा कपाळावर सरकवून त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "अरे लेका, यातले निम्मे स्क्रू आवळायचे न्हाईतच!"

आणि हेच मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. ट्रिगरमधे दोन जातीचे स्क्रू असतात, एक धरून ठेवणारे, म्हणजे युनिट बॉडीला, ब्लेड दांडीला, स्टॉक अ‍ॅक्शनला म्हणजे रायफलीच्या मुख्य यंत्राला धरणारे. दुसरे नुसते सेटिंगचे, पहिल्या स्टेजची लांबी, वजन, सियरची, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत यंत्र अडवून धरणाऱ्या खाचेची, पकड. सेटिंगचा स्क्रू कधी "टाइट" होत नाही, तो फक्त जागा बदलतो, आणि सियरचा स्क्रू पाव फेरा जास्त गेला की पकडच सुटते. मी अर्धा फेरा मारला होता. आता युनिट उघडायच्या आधी फोनवर फोटो काढतो आणि प्रत्येक सेटिंग स्क्रू पूर्ण आत जायला किती फेरे लागतात ते मोजून वहीत लिहितो, मग परत तेवढेच बाहेर.

धरणाऱ्या स्क्रूंचं मामाने हातात देऊन शिकवलं. आधी स्क्रू उलटा फिरवायचा, आटा आट्यात पडल्याचा बारीक टक् जाणवतो, मग सुलटा, अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचा स्क्रू वाकडा गेला तर आटे तिथंच मेले. सगळे स्क्रू आधी नुसते टेकवायचे, युनिट दाबून सरळ बसवायचं आणि मग आळीपाळीने थोडं थोडं कसायचं. एलन कीची लांब बाजू स्क्रूत, आखूड बाजू दोन बोटांत, म्हणजे ताकद लावायची म्हटली तरी लागत नाही. शेवटचं आवळणं टॉर्क पान्यावर, आकडा रायफलीच्या मॅन्युअलमधला, मनातला नाही. न्यूटन मीटर म्हणजे काय ते मामाने असं सांगितलं, 10 सेंटीमीटरच्या दांड्याच्या टोकाला किलोभर साखर टांगलीस की झाला एक न्यूटन मीटर, आणि तुझे हे बारके स्क्रू तेवढ्यात सुद्धा रडतील. तेलावरून शिव्या वेगळ्या खाल्ल्या, कारण तेलकट आट्यांना घर्षण कमी, पाना तोच आकडा दाखवतो पण स्क्रू त्याहून जास्त ताणला जातो, आणि कमी आवळला असेल तर तेच तेल त्याला सुटायला मदत करतं. आटे कोरडे हवेत, मॅन्युअल सांगत असेल तिथेच निळ्या लॉकरचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, एक ठिपका, लाल नको कारण तो मग गरम केल्याशिवाय सुटत नाही, आणि सियरच्या आसपास तर कुठलाच नको. पूर्ण सुकायला 24 तास, तोवर रायफल केसमधे.

लावून झाल्यावरची तपासणी पण आता ठरलेली आहे, पेलेट नाही, सिलिंडर बाहेर, कॉक करून बट, म्हणजे दस्त्याचं खांद्याला लागणारं टोक, मॅटवर दोनचार वेळा आपटायचा, ट्रिगर सुटला तर परत उघडा. मग पन्नासेक ड्राय आणि परत एकदा पान्याने बघायचं.

शेवटी प्रत्येक धरणाऱ्या स्क्रूच्या डोक्यावरून बॉडीवर येईल अशी बहिणीच्या लाल नेलपॉलिशची बारीक रेघ मारली, स्क्रू फिरला की रेघ तुटते. रेंजवरच्या पोरांनी "दादा, मेंदी काढली का रायफलीला?" म्हणून दोन दिवस पिडलं. परवा बघितलं तर ब्लेडच्या स्क्रूवरची रेघ केसभर सरकलीय, बाकीच्या जागेवर. पाना मामाकडे राहिलाय, शनिवारी आणतो.