खडखडाट नसलेला माग

सोलापूरकर प्रवासाला निघाला की सामानात चादर असतेच. आम्ही कर्नाटक एक्स्प्रेसमध्ये चढलो तेव्हा कडक भाकरी, शेंगाचटणी आणि मोराची चादर बरोबर होती. "कुलूच्या थंडीत सुती चादर काय कामाची?" असं हे दौंड येईपर्यंत म्हणत होते. मनमाडच्या पुढं तीच पांघरून झोपले.

दिल्लीहून रात्रीची बस. वळणांबद्दल काही लिहीत नाही, डोळे मिटून होते. पहाटे औटचा लांबलचक बोगदा संपला आणि शेजारी बियास दिसायला लागली.

माझं माहेर साखर पेठेतलं. पूर्व भागात वाढलेल्या माणसाला यंत्रमागाचा खडखडाट ऐकू येत नाही. लाइट जाऊन गल्ली एकदम मुकी झाली की मगच तो होता हे कळतं. आई घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, शेजारच्या अक्काचे दोन माग होते. त्यामुळं कुलूत शाली विणतात तिथं जायचं, हे मी निघण्याआधीच ठरवलं होतं. ह्यांना बर्फ बघायचा होता. नोव्हेंबरात बर्फ लांब शिखरांवरच होता, म्हणून माझं ऐकावं लागलं.

आधी बाजारात मात्र आमची फजिती झाली. एका दुकानात ह्यांनी "शंभर टक्के हाताची" म्हणून शाल घेतली, घासाघीस करून निम्म्यात आणली, आणि दिवसभर मिशीला पीळ देत फिरले.

दुसऱ्या दिवशी विणकाम बघायला गेलो. लांबट खोली, खिडक्यांतून उजेड, सात-आठ माग आणि आवाज जवळजवळ नाहीच. ठक्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा ठक्. शालीचा मधला साधा भाग धोट्यानं भराभर पुढं सरकतो. गंमत आहे ती काठात. तिथं आपोआप नक्षी काढणारं जॅकार्ड यंत्र नाही, त्याचे भोकांचे पुठ्ठे नाहीत. विणणारी बाई रंगीत लोकरीचे छोटे छोटे धागे बोटांनी मोजक्या उभ्या धाग्यांतून घालते, परत वळवते, मग दुसरा रंग, मग तिसरा. अशी एक ओळ भरली की फणी ओढायची. ठक्. समोर कागद नाही, चित्र नाही. किती धागे सोडायचे हे कसं लक्षात राहतं, विचारलं तर ती हसली. "दीदी, तुम्ही चपात्या मोजून लाटता का?"

मी तिला आमची चादर दाखवली. तिनं ती उलटवली, पुन्हा सुलटवली. दोन्हीकडं मोर, फक्त रंगांची अदलाबदल. हे कसं, म्हणून तिनं शेजारणीलाही बोलावलं. मग मी माझ्या मोडक्या हिंदीत जॅकार्ड समजावलं: पुठ्ठ्याला भोकं पाडलेली असतात, जिथं भोक तिथला धागा उचलला जातो, पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरत राहते आणि मोर आपोआप उमटतो. "म्हणजे नक्षी पुठ्ठ्याला पाठ असते," ती म्हणाली. लहानपणी त्या भोकांतून ऊन बघत आम्ही खेळायचो, ते मला एवढ्या वर्षांनी तिथं आठवलं.

मग ह्यांनी कौतुकानं आपली शाल पिशवीतून काढली. तिनं पुढची बाजू पाहिलीच नाही, थेट उलटी केली. मागं रंगीत धागे एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत सैल लोंबत गेलेले. हातानं घातलेला धागा आपल्या फुलाच्या कडेलाच परत वळतो. "मशीन," ती म्हणाली आणि नीट घडी घालून परत दिली. यंत्रमागाच्या गावची माणसं परमुलखात जाऊन यंत्रमागाच्याच मालाला फसलो! का बे, सांगायचं कुणाला?

आणि तक्रार तरी कुठल्या तोंडानं करायची? सोलापुरी म्हणून बाहेरची स्वस्त चादर खपते तेव्हा आपण किती चिडतो. कुलूची शाल आणि आपली चादर, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि दोन्हींची नक्कल बाजारात आहे. पण हातमागाच्या बाजूनं बघितलं तर आपण कुठल्या रांगेत उभे आहोत, हा प्रश्न मला बसमध्येही सोडेना.

एक साम्य मात्र आवडलं. कुलूत पूर्वी बहुतेक साधेच पट्टू विणत. पट्टू म्हणजे तिथल्या बायका अंगाभोवती गुंडाळून खांद्याशी टाचण्यांनी अडकवतात ते लोकरी वस्त्र. १९४०च्या सुमारास रामपूर बुशहरकडचे विणकर आले आणि ही भौमितिक नक्षी इथं रुजली. आपल्याकडं तेलंगणातून पद्मशाली विणकर मंडळी आली, तसंच. १९४४मध्ये भुट्टी गावच्या १२ विणकरांनी सहकारी संस्था काढली, तीच आजची भुट्टिको. ह्यांना साखर कारखान्यांचं राजकारण तोंडपाठ, त्यामुळं ही संस्था अजून चालते याचंच त्यांना जास्त नवल.

नग्गरला लाकूड आणि दगडांचे थर आलटून पालटून रचलेला जुना वाडा पाहिला. १९०५च्या भूकंपातही तो टिकला. तिथल्याच वाटेवर एक म्हातारी भांगेच्या झाडाच्या वाखापासून पूला विणत बसली होती. देवळात चामडं चालत नाही, म्हणून हे पायताण. घातलं तर ऊबदार, पण सोलापूरच्या डांबरावर चार दिवसही टिकायचं नाही. तरी घेतलं.

परत आल्यावर अक्काला भेटायला गेले. तिचे माग कधीच भंगारात गेलेत. मी तिथून घेतलेली खरी शाल तिच्या मांडीवर ठेवली. तिनंही आधी उलटीच केली. काठावरून बोट फिरवत एका जागी थांबली, "हितं धागा जोडलाय बघ," म्हणाली. मला तर दिसेना. मग मी सगळं सांगितलं, किती दिवस लागतात, किंमत किती, घासाघीस कशी केली नाही.

"आणि त्या बाईला रोजचे किती पडतात गं?" अक्कानं विचारलं.

एवढ्या चौकशा केल्या होत्या, ही केली नव्हती.