चाकं लोंबकळताना बोल्ट आवळू नका

"झालं साहेब, फुल टाइट!" आज अक्कलकोट रोडवर मागचे कंट्रोल आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारे दांडे) बदलून मेकॅनिक म्हणाला. गाडी अजून लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत.

नेमका तिथंच बुश, म्हणजे आर्मच्या टोकाचा रबरी सांधा, मरतो. बोल्ट आवळला की बुशची आतली लोखंडी नळी जखडते. गाडी खाली आली की आर्म वर फिरतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. महागातला नवा बुशही मग लवकर फाटतो, आणि शिव्या मात्र सोलापूरच्या खड्ड्यांना!

बोल्ट आधी हलकेच लावायचे. हबखाली (चाक जिथं बसतं त्या भागाखाली) जॅक लावून सस्पेन्शन नेहमीच्या उंचीवर आणायचं, मगच कंपनीने दिलेल्या टॉर्कवर, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरावर, आवळायचं. एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की चाकाचा कोन बदलतो असा) असेल तर काढण्याआधी खूण करायची. तरी नंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करावंच लागतं.

तुमच्या गॅरेजात टॉर्क रेंच भिंतीवरून खाली येतो का हो?