आत 27, बाहेर 46

सोलापुरात नवी पेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी चावीची घड्याळं यायची. आता बहुतेक लोक सेल बदलायला येतात आणि दोन मिनिटांत जातात. म्हणून मागच्या एप्रिलमध्ये अण्णांनी पिशवीतून एक चपटं, काळ्या काचेचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं आणि "जर्मनीचं आहे, पण बिघडलंय" म्हणाले, तेव्हा मी आधी चहा सांगितला. असं काम रोज येत नाही.

अण्णांचा अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. थोरली लेक जर्मनीत, फ्रँकफुर्टजवळ हानाऊला असते. तिनं हे पाठवलेलं. घड्याळासोबत काडेपेटीपेक्षा थोडं मोठं एक पांढरं डबडं होतं. ते बाहेर टांगायचं, मग बाहेरचं तापमान घरातल्या घड्याळावर दिसतं. मधे वायर नाही. माहितीपुस्तक सगळं जर्मनमध्ये. नातवानं मोबाईलवर भाषांतर करून बटणं दाबून पाहिली होती, म्हणजे निम्मी वाट तिथंच लागलेली.

"टॉवर दाखवतंय बघ. पण लागतच नाही. ह्याच्यात सिम घालावं लागतं काय?"

पडद्यावर खरंच मोबाईलच्या टॉवरसारखी एक खूण लुकलुकत होती. सिमचा काही संबंध नव्हता. फ्रँकफुर्टपासून थोड्या अंतरावर माइनफ्लिंगेन नावाचं गाव आहे. तिथल्या केंद्रातून 1959 पासून 77.5 किलोहर्ट्झवर रेडिओलहर सुटते आणि 1973 पासून तिच्यावरून वेळ आणि तारीख सांकेतिक भाषेत जाते. दर सेकंदाच्या सुरुवातीला लहरीचा जोर क्षणभर मंदावतो. सेकंदाचा दहावा भाग मंदावली तर शून्य, पाचवा भाग मंदावली तर एक. मिनिट संपताना एक ठोका गाळतात, म्हणजे पुढचं मिनिट कुठं सुरू झालं ते घड्याळाला कळतं. वेळ अणुघड्याळाची. लेकीच्या घरी हे घड्याळ पाच-दहा मिनिटांत आपोआप लागलं असणार. पण त्या लहरीचा पल्ला साधारण 2000 किलोमीटर, आणि आपण साडेसहा हजारांच्याही पलीकडे.

अण्णांनी बशीतला चहा संपवला. "म्हणजे आपल्या जुन्या मिलचा भोंगाच की."

तसंच. भोंग्यावर अख्खं गाव घड्याळ लावायचं, पण भोंगा अक्कलकोटला कुठं ऐकू जायचा? आणि समजा ही लहर इथं पोचली असती, तरी अडचण सुटली नसती. ह्या घड्याळात देश बदलायची सोय होती, पण पुऱ्या तासांनी. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढं. तो अर्धा तास जर्मन कारागिराच्या डोक्यातच नव्हता. मी रेडिओ बंद केला आणि वेळ हातानं लावली. मी मोबाईल बघून लावणार होतो, अण्णांनी आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे ठोके लागेपर्यंत थांबवलं. थांबलो.

डबड्याचं काम सोपं, पण क्रम चुकला की अडतं. आधी डबड्यात सेल, मग घड्याळात. नातवानं उलटं केलेलं. घड्याळ चालू झालं की पहिली काही मिनिटं डबड्याचा आवाज ऐकायला कान लावून बसतं, तेवढ्यात कुणी बटण दाबलं की शोध मोडतो. डबडं बोलतं 433 मेगाहर्ट्झवर. मोकळ्या मैदानात पन्नास-शंभर मीटर जातं, पण स्लॅबची सळई नाहीतर पत्रा मधे आला की जीव जातो. सेलही साधे नकोत, अल्कलाइन हवेत. हे सगळं सांगितलं. एकच गोष्ट सांगायची राहिली, ती म्हणजे टांगायचं कुठं. चूक माझीच.

चौथ्या दिवशी दुपारी अण्णांचा फोन. आवाज चढलेला.

"तू काय लावून दिलास रे? काल 58 दाखवलं, आज तर आकडाच नाही. एचएच म्हणतंय. हाय हाय करतंय की काय! आणि इथं माग बंद पडलेत."

एचएच म्हणजे मोजायच्या पट्टीच्या वर गेलं, हे मला कळलं. माग का बंद पडले ते कळेना. दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून गाडी काढली. दुपारचे तीन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. शेडपाशी पोचलो तर नेहमीची खटाखट ऐकूच येईना. पावरलूमच्या शेडमध्ये शांतता असली की कानात दडे बसल्यासारखं वाटतं.

घड्याळ अण्णांनी केबिनमध्ये लावलेलं, काचेच्या खिडकीकडं तोंड करून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. ते दिसलं. आदल्या दिवशी पगाराचा ॲडव्हान्स मागायला आलेल्या एका कामगारानं 58 वाचलं आणि शेडमध्ये जाऊन सांगितलं. आज आकडाही गेला. मग सगळे जण मागावरून उठून कडुलिंबाखाली बसले. भांडण नाही, घोषणा नाही. "अठ्ठावन्नात माणूस जगतो का?" एवढंच मागांची देखभाल बघणाऱ्या जॉबरमामांनी विचारलं.

"सांग ह्यांना, मशीन खोटं आहे म्हणून," अण्णा म्हणाले.

डबडं बघितलं. शेडच्या पश्चिमेच्या पत्र्याला तारेनं बांधलेलं, थेट उन्हात. ते हवेचं तापमान सांगतच नव्हतं, तापलेल्या पत्र्याचं आणि स्वतःच्या तापलेल्या प्लास्टिकचं सांगत होतं. हवामान खात्याचा थर्मामीटर उगाच पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर नसतो. वारा लागला पाहिजे, ऊन लागता कामा नये. डबडं इतकं तापलेलं की रुमालात धरून सोडवावं लागलं. उत्तरेच्या बाजूला, कडुलिंबाच्या फांदीला टांगलं आणि वीस मिनिटं थांबलो.

42.6.

अण्णांचा चेहरा खुलला. केबिनच्या दारातूनच ओरडले, "बेचाळीस! सोलापूरला उन्हाळ्यात बेचाळीस काय नवीन आहे काय बे?"

कुणी उठलं नाही. जॉबरमामा फांदीकडं बघत म्हणाले, "अण्णा, आम्ही झाडावर थोडंच काम करतो. ते आत टांगा की."

खरं सांगतो, मला तेव्हा पळून जावंसं वाटलं. माझं काम घड्याळाचं. पण अण्णांनीच हात केला, "टांग, टांग. होऊ दे एकदाचं." मी आत गेलो आणि मधल्या रांगेत, दोन मागांच्या मधे, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, एका खांबाला डबडं अडकवलं. शेडमध्ये डोक्यावर पत्रा, भिंतीत बारक्या जाळ्या, कापसाची फुसी हवेत. माग बंद होते तरी मोटारी अजून गरम होत्या. मी पाच मिनिटांत घामानं निथळलो. ही माणसं इथं बारा-बारा तास काढतात.

परत केबिनमध्ये आलो तर थंडगार. एसी चालू. सगळे काचेला नाक लावून घड्याळाकडं बघत होते. आकडा हळूहळू चढत गेला आणि थांबला. ह्या घड्याळावर दोन तापमानं एकाखाली एक येतात, घड्याळाजवळचं आत आणि डबड्याजवळचं बाहेर.

आत 27.4. बाहेर 46.1.

अण्णा बराच वेळ त्या दोन ओळी वाचत राहिले. काचेपलीकडं कुणी बोललं नाही. मग त्यांनी घड्याळ खिळ्यावरून काढलं, टेबलावर पालथं ठेवलं आणि मला म्हणाले, "तुझे किती झाले?" मी काही नको म्हणालो. गाडीवर बसताना मागून मागांचा आवाज आला नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर चालू झाले, असं नंतर कळलं.

मे महिना अर्धा झाला आणि अण्णा स्वतः दुकानात. घड्याळ रोज सेकंद-अर्धा सेकंद मागं पडतंय, ही तक्रार. मी विचारलं, आता कुठं लावलंय? "शेडमध्ये, जॉबरच्या टेबलावर." मग बरोबर. आतला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, आणि त्याचा ताल 25 अंशांच्या आसपास सगळ्यात चोख असतो. त्याच्यावर गेला की सुस्तावतो. जर्मनीत रोज रात्री लहर येऊन ती चूक पुसून जाते, इथं कोण पुसणार? चाळीस-बेचाळीसला एवढी चूक हक्काची आहे, म्हटलं, महिन्यातून एकदा ठोक्यांवर लावा.

"ते लावतो रे. पण डबडं बरोबर आहे ना, ते येऊन बघ."

गेलो. डबडं कडुलिंबावर होतं. पत्र्याला वरून चुना मारलेला, इतका पांढरा की डोळे दिपावेत. भिंतीच्या वरच्या अंगाला दोन मोठे एक्झॉस्ट पंखे नव्यानं बसवलेले. माग चालू होते, बोललेलं ऐकू येत नव्हतं. जॉबरमामांनी बोटानंच टेबलाकडं दाखवलं.

आत 43.3. बाहेर 42.5.

अण्णा माझ्या कानापाशी येऊन ओरडले, "अजून पाऊण डिग्री कुठं अडलीय बघ. पंखा उलटा बसवला काय त्या वायरमननं?"