मध खाणारा

मंगळवार, रात्री साडेदहा

रशियनच्या वर्गात पहिल्याच महिन्यात पाठ केलेला शब्द, 'मेदव्येद', म्हणजे अस्वल. तो फोडून पाहायचं मात्र आज सुचलं. 'मेद' म्हणजे मध आणि पुढे खाण्याचा धातू. मध खाणारा!

याचं आदिस्लाव्ह, म्हणजे रशियन, पोलिश वगैरे स्लाव्ह भाषा जिच्यातून निघाल्या त्या मूळ भाषेतलं, रूप *मेद्वेदि. आधीची तारका सांगते की हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, लेकी-नातींच्या चेहऱ्यावरून पणजीचा चेहरा काढावा तसं अभ्यासकांनी ते बांधलंय. स्लाव्ह भाषा लिहिल्या जाऊ लागल्या त्याच नवव्या शतकात.

पण मधला 'व' कुठून आला? वहीत संस्कृतात लिहिलं : मधु + अद् (खाणं). 'उ'पुढे 'अ', म्हणून 'व्'. मध्वद्. शाळेत घोकलेला यण् संधी! पेन खाली ठेवून नुसती बघत बसले. ऋग्वेदात पहिल्या मंडलाच्या 164व्या सूक्तात 'मध्वदः सुपर्णाः' आहेत, मध खाणारे पक्षी. तिकडे तेच दोन घटक जोडून अस्वल झालं.

अस्वलाचं जुनं नाव वेगळंच होतं. संस्कृतात ऋक्ष, ग्रीकमध्ये आर्क्तोस, लॅटिनमध्ये उर्सुस. स्लाव्हांकडे ते उरलंच नाही. नाव घेतलं तर जनावर पुढ्यात येईल, या भीतीने ते टाकलं असावं असं मानतात. मला हे लगेच पटलं. आमची आजी दिवेलागणीनंतर 'साप' म्हणायचीच नाही. कंदील पुढे धरून न्हाणीकडे जाताना हळूच सांगायची, "बघून पाय टाक गो, लांबडं असेल."

पुढे या टोपणनावाचीही रूपं बदलली. पोलिशमध्ये 'म'चा 'न' झाला, न्येज्व्येच. युक्रेनियनमध्ये अक्षरं उलटली, वेदमीद. 2003 चा बालोन द'ओर जिंकणाऱ्या चेक फुटबॉलपटूचं आडनाव नेदव्येद, तेही अस्वलच. रशियन माणसाला आज या शब्दात 'वेदत्', म्हणजे जाणणं, ऐकू येतं : मध कुठे आहे ते जाणणारा. व्युत्पत्ती म्हणून चूक, पण तो 'वेदत्' आपल्या विद् धातूचा सख्खा भाऊ, म्हणून मला ती चूकही आवडली.

आणि आपलं अस्वल? ऋक्षचं प्राकृतात 'अच्छ' झालं, 'अच्छभल्ल'वरून अस्वल. म्हणजे तिकडे ज्या नावाची धास्ती घेतली, ते झिजून का होईना, आपण अजून बिनधास्त घेतोय, रात्रीसुद्धा.