मिरचीचे दहा गुण

आषाढी होऊन चारच दिवस झाले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आंतरशालेय प्रश्नमंजूषेची अंतिम फेरी मी घेत होतो. उपवासाची चव अजून सगळ्यांच्या जिभेवर असेल, म्हणून शेवटून दुसरा प्रश्न खिचडीवर काढला होता.

"साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, मिरची आणि जिरं. खिचडीतल्या या पाच जिनसांपैकी एकच असा आहे, जो वास्को द गामा 1498 साली कालिकतला उतरण्याआधी आपल्याकडच्या स्वयंपाकघरात असू शकत होता. कोणता?"

हा प्रश्न मला फार प्रिय होता. बाहेरच्यांना वाटतं, प्रश्न काढायचा म्हणजे गमतीशीर माहिती सापडली की झालं. खरा वेळ जातो तो त्या माहितीला दुसरं उत्तर निघू शकत नाही ना, हे तपासण्यात. दोन स्वतंत्र ठिकाणी आधार सापडल्याशिवाय मी प्रश्न घेत नाही. 'पहिला', 'सर्वात मोठा' हे शब्द दिसले की कागद बाजूला ठेवतो. पालक मोठ्या प्रेमाने प्रश्न पाठवतात. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, युनेस्कोने आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं, असे. दोन्ही खोटे. पण फोनवर आलेलं वाक्य तपासून पाहावं असं शिकलेल्या माणसांनाही वाटत नाही, याचं मला मनापासून दुःख होतं.

खिचडीच्या प्रश्नात सर्वात छळलं ते साबुदाण्याने. 'सागू' हा शब्द मूळचा मलय भाषेतला. आग्नेय आशियात एका ताडासारख्या झाडाच्या खोडातल्या गरापासून सागू करतात, आणि मार्को पोलोनेही सुमात्रातल्या त्या झाडाच्या पिठाबद्दल लिहून ठेवलं आहे. मग तो समुद्रमार्गे आपल्याकडे आधीच आला असेल, असं कुणी म्हटलं तर? म्हणून प्रश्न वाचण्याआधी मी एक ओळ जोडली: "साबुदाणा म्हणजे आज दुकानात मिळतो तो." तो बनतो कसाव्याच्या कंदापासून, आणि कसावा दक्षिण अमेरिकेतला. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातला माल यायचा थांबला तेव्हा, 1943 च्या सुमारास, तमिळनाडूतल्या सेलमला कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. आपल्या एकादशीचा बराचसा साबुदाणा आजही तिथूनच येतो.

शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचा. पेरू देशात सिपान इथे 1987 साली एका प्राचीन सरदाराची कबर सापडली, तिच्यात सोन्याचांदीच्या शेंगांची माळ होती. बटाटा अँडीज पर्वतातला, त्याचं नावसुद्धा आपण पोर्तुगीजांकडून घेतलं. राजगिरा यादीत घेतला नाही, पण तोही तिकडचाच. मेक्सिकोतले अॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठात गोड पाक घालून देवाच्या मूर्ती करत आणि सणाला प्रसाद म्हणून खात. दोन समाजांची एकमेकांना ओळखही नव्हती, आणि दोघांनी एकच दाणा देवासाठी राखला. हे वाचलं तेव्हा मी रात्री उठून बायकोला सांगितलं होतं.

असो. प्रश्न वाचून संपायच्या आत बझर वाजला. माढा तालुक्यातल्या शाळेची नववीतली मुलगी.

"मिरची, सर."

मी चूक म्हणालो. प्रश्न पुढच्या संघाकडे गेला, त्यांनी जिरं सांगितलं. पास होऊन आलेल्या प्रश्नाला पाच गुण असतात, ते त्यांना मिळाले. मी पुढचं कार्ड उचललं तर मुलगी उभी.

"सर, विचारू का? 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी. लसूण मिरची कोथिंबिरी, अवघा झाला माझा हरी.' सावता महाराज तर माउलींच्या काळातले. पोर्तुगीज आलेच नव्हते. मग मिरची चूक कशी?"

सभागृहात शांतता पसरली, आणि मग टाळ्या. समोर वारी करून आलेली माणसं बसली होती. सावता माळ्यांचं अरण त्या मुलीच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, म्हणून दरवर्षी पांडुरंगाची पालखीच अरणला जाते, तो सोहळा दोन आठवड्यांवर आला होता. हा अभंग मी लहानपणापासून ऐकत आलोय. माझी आई भाजी निवडताना म्हणायची. साबुदाण्यासाठी मी सुमात्रापर्यंत जाऊन आलो आणि घरातली ओळ मला आठवली नाही.

परीक्षक म्हणून बसलेले एक निवृत्त मुख्याध्यापक मोठ्याने म्हणाले, "देऊन टाका दहा गुण. संतांच्या शब्दापुढं पोर्तुगीज कशाला आणता?" संयोजकांची चिठ्ठी आली: दोन्ही संघांना निम्मे-निम्मे द्या, वाद नको. मला राग आला. मुख्याध्यापकांचा कमी, चिठ्ठीचा जास्त. मिरची एक तर तेव्हा इथे होती किंवा नव्हती. निम्मी कशी असेल? आपण मुलांना हेच शिकवतो, की आवाज वाढला की खऱ्याची वाटणी होते.

मी माइकवर जे माहीत होतं ते सांगितलं. मिरचीचं झाड मूळ अमेरिकेतलं, 1492 मध्ये कोलंबस तिकडे पोचण्याआधी ते बाकीच्या जगात कुठेच नव्हतं. सावता महाराजांचा काळ 1250 ते 1295 असा मानतात. काशिबा गुरवांनी त्यांचे अभंग लिहून घेतले अशी परंपरा आहे, पण आपल्या हाती येते ती पिढ्यान्‌पिढ्या गायलेली, पुन्हा पुन्हा उतरवलेली ओळ. गाणाऱ्याच्या मळ्यात जे पिकतं ते तोंडात येतं. संस्कृतात 'मरिच' म्हणजे काळं मिरं. नवं तिखट आलं तेव्हा जुन्याच तिखटाचं नाव त्याला मिळालं. महाराजांचा शब्द मिरी असेल, मागाहून मिरची झाला असेल.

निकाल मी बदलला नाही. मात्र दिवसभरात पुराव्यानिशी आलेलं उत्तर हे एकच, असं सर्वांसमोर सांगितलं. तिचा संघ पाच गुणांनी हरला.

बक्षिसं वाटून झाल्यावर ती आपल्या बाईंना घेऊन आली. रडली नव्हती. बोटांवर अक्षरं मोजत होती.

"सर, 'अवघा झाला माझा हरी' नऊ अक्षरं. 'लसूण मिरची कोथिंबिरी' दहा होतात. मिरी घातलं तर नऊ."

मी मोजलं. बरोबर होतं. अभंगात अक्षरं थोडी इकडेतिकडे चालतात, तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण अंगावर काटा आला. हे मला का सुचू नये? मी तिला शाबासकी देणार, तेवढ्यात ती म्हणाली,

"पण सर, मिरी आमच्याकडं येतच नाही. तिला लई पाऊस लागतो. महाराज तर मळ्यातलं सांगतायत. ती अरणच्या मळ्यात कुठनं आली?"

बाईंनी तिला गप्प केलं, गाडी सुटायची होती. मी तिला पत्ता दिला आणि शोधून कळवतो म्हणालो. तेव्हापासून जुन्या गाथा धुंडाळतोय. खिचडीच्या प्रश्नाचं कार्ड पेटीतून वेगळं काढून ठेवलंय, आणि तिला लिहायचं पत्र अजून टेबलावर आहे.