दोन बोटे तेल

मुंबईजवळच्या समुद्रातल्या 'मुंबई हाय' या तेलक्षेत्रावर मी केमिस्ट होतो. चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी, अशी आमची पाळी असे. नोव्हेंबरातल्या एका सकाळी कंट्रोल रूमच्या पडद्यावर एका निर्मनुष्य वेल प्लॅटफॉर्मचे, म्हणजे विहिरींवर उभारलेल्या मचाणाचे, आकडे येईनासे झाले. त्याच प्लॅटफॉर्मवरच्या एका विहिरीचा नमुना मला हवा होता, म्हणून इन्स्ट्रुमेंटेशनच्या तंत्रज्ञाबरोबर मीही बोटीने निघालो. बोट लाटेवर चढली की दोराला धरून झोका घ्यायचा आणि पलीकडच्या जाळीवर पाय टेकायचा. हे कितीदाही केले तरी पोटात गोळा येतोच.

वर पोहोचल्यावर बिघाड शोधावा लागला नाही. तिथे माणसांची वस्ती नसल्यामुळे दाबाची मापके, आकडे पाठवणारा रेडिओ आणि रात्री जहाजांना सावध करणारे दिवे हे सारे सौर पॅनेल आणि बॅटऱ्या यांवर चालते. समुद्रपक्ष्यांनी ती पॅनेले विष्ठेने अशी लिंपली होती, की निळी काच नावापुरती उरली होती. तंत्रज्ञ म्हणाला, "साहेब, तुमची बाटली मागाहून भरा, आधी मला दोन बादल्या पाणी ओढून द्या." मी पाणी ओढले, ब्रशही घेतला. तेलाच्या विहिरीची खबर उन्हावाचून किनाऱ्याकडे जात नाही, हे ठाऊक असूनही त्याची गंमत मला घासताना वाटली.

मग नमुना घेतला. नळीतले शिळे पाणी बादलीत सोडून देऊन बाटली भरली, आणि प्रयोगशाळेत परतल्यावर एक लिटरच्या मोजपात्रात ती ओतून, तेल आणि पाणी वेगळे करणाऱ्या रसायनाचा, डीमल्सिफायरचा, थेंब घालून, ऊब देऊन ठेवली. तासाभराने तळापासून 940 मिलीलिटरपर्यंत पाणी आणि वर जेमतेम दोन बोटे काळपट तेल. मागच्या दोन नमुन्यांत पाण्याचे प्रमाण 90 आणि 92 टक्के होते, आता 94. म्हणजे एका पिंप तेलामागे पंधरा-सोळा पिंपे पाणी वर आणायचे, वेगळे करायचे आणि स्वच्छ करून सोडायचे.

'सागर सम्राट' या खोदकामाच्या जहाजाने 1974 मध्ये इथे तेल शोधले आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले, तेव्हा विहिरी स्वतःच्या दाबाने वाहत, असे जुने सहकारी सांगत. 1980च्या दशकात उत्पादन शिखरावर पोहोचले आणि पुढे उतरत गेले. दाब टिकवण्यासाठी थरात पाणी भरावे लागले, विहिरींत वायू सोडून तेलाचा स्तंभ हलका करावा लागला. तो वायू दाबणारे कॉम्प्रेसर याच क्षेत्रातला वायू जाळून चालतात. भूशास्त्रज्ञ किंग हबर्ट यांनी 1956 मध्ये अमेरिकेचे उत्पादन 1965 ते 1970च्या दरम्यान शिखर गाठेल असे सांगितले होते, आणि ते 1970 मध्ये गाठलेही. शेल नावाच्या खडकातून काढलेल्या तेलामुळे तो उच्चांक 2018 मध्ये मोडला, तेव्हा 'पीक ऑइल'ची, म्हणजे उत्पादन शिखर गाठून उतरत जाते या कल्पनेची, बरीच थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांनी आमचे मोजपात्र पाहायला हवे होते, असे मला अजूनही वाटते. तेल संपण्याच्या कितीतरी आधी ते काढण्याचा खर्च आणि खटाटोप वाढत जातो. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलाचा 85 टक्क्यांहून अधिक भाग आयात होत असताना तर हा हिशेब नजरेआड करून चालतच नाही.

संध्याकाळी मी आकडा कळवला. प्रॉडक्शनच्या प्रमुखांनी फार चर्चा केली नाही. कॉम्प्रेसरची क्षमता ठरावीक, तेव्हा ही विहीर बंद करून तिचे पाणी उपसण्यात खर्ची पडणारा वायू शेजारच्या दोन विहिरींना द्यावा, असे त्यांनी ठरवले. मी नवखा असतो तर विहीर बंद करून उत्पादन कसे वाढेल, असे विचारले असते. दुसऱ्या दिवशीच्या मोजणीत त्या प्लॅटफॉर्मचे एकूण तेल थोडे का होईना, वाढलेलेच निघाले आणि पाणी बरेच घटले.

आकडा कळवला त्या रात्री झोपण्यापूर्वी कंट्रोल रूममध्ये डोकावलो होतो. पडद्यावर आकडे परत आले होते, आणि आमच्या विहिरीपुढे 'बंद' अशी नोंद दिसत होती. ती नोंद दुपारी आम्ही धुतलेल्या पॅनेलांच्या विजेवरच आमच्यापर्यंत पोहोचली होती.